टेम्प्लेट ओरडत नाही, म्हणूनच

आमच्या टीमच्या नियमावलीत एक ओळ कित्येक वर्षे आहे: व्ह्यूसाठी टेस्ट लिहू नयेत. ज्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ती लिहिली त्यांच्याकडूनच मी रेल्स शिकलो. मॉडेलची टेस्ट नेटकी कशी लिहावी हेही त्यांनीच शिकवले. म्हणून त्यांचे म्हणणे आधी त्यांच्याच बळाने मांडतो. टेम्प्लेटमध्ये लॉजिक नसावे. असलेच तर ते हेल्परमध्ये किंवा मॉडेलमध्ये न्यावे आणि तिथे तपासावे. मग मागे उरते ते नुसते मार्कअप, आणि मार्कअप तर दर आठवड्याला बदलते. त्याला टेस्टने बांधले की एक डबा इकडचा तिकडे केला तरी पन्नास टेस्ट फेल होतात, त्या दुरुस्त करण्यात दिवस जातो आणि त्यातून एकही खरा दोष सापडत नाही. उरलेली काळजी ब्राउझरमधून चालणाऱ्या टेस्ट घेतात, नाहीतर डिझायनरचा डोळा घेतो.

अनुभवी माणसांच्या तोंडून मी हे इतक्यांदा ऐकले आहे की आता ते कोणी तपासूनही पाहत नाही. मला ते चुकीचे वाटते. त्यातला अर्धा भाग खरा आहे, आणि त्या अर्ध्या खरेपणामुळेच उरलेली चूक इतकी वर्षे टिकली.

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या सभासदांसाठी आम्ही कर्जखात्याचे पान बांधले. मुद्दल, उरलेले हप्ते, पुढच्या हप्त्याची तारीख आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत ‘आपली थकबाकी’. एका शुक्रवारी मी कंट्रोलरमधल्या एका व्हेरिएबलचे नाव बदलले. जुने नाव दिशाभूल करणारे होते, त्यामुळे बदल योग्यच होता. टेम्प्लेटमध्ये मात्र जुने नाव तसेच राहिले. टेस्ट चालवल्या, सगळ्या हिरव्या. रिव्ह्यू झाला, डिप्लॉय झाले. त्यानंतरचे अकरा दिवस ते पान ‘आपली थकबाकी:’ एवढे लिहून थांबत होते. पुढे आकडा नव्हता. शून्य नव्हते. रुपयाचे चिन्हही नव्हते. एरर लॉगमध्ये एक ओळ उमटली नव्हती.

एक निवृत्त शिक्षक शाखेत आले तेव्हा हे कळले. त्यांनी पान उघडून पाहिले होते. आकड्याच्या जागी काही नाही, म्हणजे देणे नाही, असा कोणीही काढील तो अर्थ त्यांनी काढला आणि त्या महिन्याचा हप्ता भरला नाही. त्यांना दंडव्याज लागले. संस्थेने ते माफ केले, पण आयुष्यभर वेळेवर देणी फेडलेल्या माणसाला थकबाकीदार म्हणून खिडकीसमोर उभे राहावे लागले, त्याची भरपाई कुठल्या डिप्लॉयने होणार होती?

त्या पानाला टेस्ट नव्हती असे नाही. होती. ती पान मागवायची आणि उत्तरात २०० आले का एवढे पाहायची. अकराही दिवस ती २०० पाहत होती आणि समाधानाने हिरवी होत होती. माझा वाद सुरू होतो तो इथून. २०० याचा अर्थ सर्व्हरने काहीतरी पाठवले, एवढाच. काय पाठवले हे पाहायचे तर पाठवलेला मजकूर वाचावा लागतो.

ही चूक अशी गुपचूप कशी झाली ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. रुबीमध्ये लोकल व्हेरिएबल अस्तित्वात नसेल तर नेमएरर उठतो आणि पान कोसळते. पण ज्याच्या नावाआधी ॲटचे चिन्ह असते ते इन्स्टन्स व्हेरिएबल कधी भरलेलेच नसेल तरी रुबी तक्रार करत नाही, हातात निल ठेवते. कंट्रोलरकडून व्ह्यूकडे माल जातो तो नेमका याच रस्त्याने. ईआरबीने निल छापायचे म्हणजे काहीच छापायचे नाही. आणि आकड्याला रुपयाचे रूप देणारा रेल्सचा नंबर-टू-करन्सी हा हेल्पर निल मिळाले की निलच परत करतो, म्हणून चिन्हसुद्धा गळाले. तीन टप्पे, तिन्ही गप्प. प्रत्येक टप्प्याचा निर्णय आपापल्या जागी समजण्यासारखा आहे. तिघांची शांतता एकत्र आली की मात्र माणसाच्या देण्याचा आकडा नाहीसा होतो.

जँगोमध्ये तर ही शांतता जाणूनबुजून ठेवलेली आहे. टेम्प्लेटमधले नाव सापडले नाही तर त्या जागी रिकामी स्ट्रिंग येते. इफमध्ये न सापडलेले नाव आले तर ते नन धरले जाते, म्हणजे अट खोटी. सगळ्यात घातक प्रकार फॉर आणि एम्टी या जोडीत होतो. कर्जांच्या यादीवर फॉर फिरवायचा आणि यादी रिकामी असेल तर एम्टीखाली ‘आपल्या नावावर एकही कर्ज नाही’ असे लिहायचे, ही रोजची पद्धत. यादीच्या नावात एका अक्षराची चूक झाली तर जँगो ते नाव शोधतो, ते सापडत नाही, मग यादी रिकामी समजतो आणि शांतपणे एम्टीचा भाग छापतो. इथे पान नुसते गप्प राहत नाही. ते सभासदाला व्याकरणशुद्ध मराठीत खोटे सांगते. न सापडलेल्या नावाच्या जागी एखादे खुणेचे वाक्य छापायला लावणारी स्ट्रिंग-इफ-इनव्हॅलिड ही सोय जँगोत आहे, पण ती इफ आणि फॉरच्या आत लागू होत नाही. शिवाय ती कायमची चालू ठेवू नका असे जँगोचेच दस्तऐवज सांगतात, कारण त्याची स्वतःची काही टेम्प्लेटेसुद्धा या शांततेवर विसंबून लिहिलेली आहेत. जिंजामध्ये स्ट्रिक्ट-अनडिफाइन्ड वापरले तर न दिलेले नाव छापताच एरर उठतो. ती सोय चांगली आहे, पण मागून घ्यावी लागते.

आता मूळ दाव्याकडे. टेम्प्लेटमध्ये लॉजिक नसते, मग तपासायचे काय? मॉडेलमध्ये चूक झाली तर बहुतेक वेळा एक्सेप्शन उठते, लॉग भरतो, रात्री कोणाचा तरी फोन वाजतो. डेटाबेसमध्ये चूक झाली तर कन्स्ट्रेंट आडवा येतो. सगळ्या ॲप्लिकेशनमध्ये टेम्प्लेट हाच असा थर आहे जो चुकला तरी ओरडत नाही. जो भाग स्वतःहून ओरडतो त्याच्यासाठी आम्ही शेकडो टेस्ट लिहितो, आणि जो कधीच ओरडणार नाही त्याला नियम करून सूट देतो. पहारा ठेवण्याची ही रीत उलटी आहे.

आणि लॉजिक नसते हेही खरे नाही. लॉजिक हेल्परमध्ये हलवले तरी कुठल्या वेळी कोणता हेल्पर बोलवायचा हा निर्णय टेम्प्लेटमध्येच राहतो. कर्जाचे पान घ्या. खाते चालू की बंद, थकबाकी आहे की नाही, जामीनदार स्वतः पाहतोय की कर्जदार, हप्ता आज आहे की पुढे. चार प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरे, म्हणजे एका पानाची सोळा रूपे. हेल्परची प्रत्येक टेस्ट बरोबर असू शकते आणि तरी जामीनदाराला कर्जदाराचे वाक्य दिसू शकते. शितावरून भाताची परीक्षा होते कारण सगळा भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. टेम्प्लेटची प्रत्येक फांदी वेगळे भांडे आहे. रिव्ह्यूच्या वेळी डिझायनर आणि आम्ही जे पान पाहतो ते बहुधा एकाच नमुना-सभासदाचे असते: खाते चालू, थकबाकी नाही, नाव आटोपशीर. उरलेली पंधरा रूपे पहिल्यांदा सभासदच पाहतो.

नाव आटोपशीर असा उल्लेख मी सहज केलेला नाही. मराठीत पान दाखवायचे ठरवले की टेम्प्लेटमध्ये किती काही घडते ते दिसू लागते. यादीत लांब नाव मावत नाही म्हणून आपण ट्रंकेट लावतो. रेल्सचा ट्रंकेट युनिकोडच्या कोडपॉइंटवर कापतो, आणि देवनागरीत मात्रा, वेलांटी, उकार हे प्रत्येकी वेगळे कोडपॉइंट आहेत. कात्री नेमकी तिथे पडली की ‘मोरे’चे ‘मोर’ होते, ‘काळे’चे ‘काळ’ होते आणि पुढे तीन ठिपके येतात. जँगो कापताना कंबायनिंग चिन्हे लांबीत धरत नाही, म्हणून तिथे हे होणार नाही असे मला एकदा सांगण्यात आले. पण ज्या युनिकोड वर्गावरून तो हे ठरवतो त्यात हलन्त बसतो, काना-मात्रा-वेलांटी बसत नाहीत. तेव्हा आडनाव तिथेही तुटते. मोठ्या रकमांचे तेच. रेल्स आपल्या सवयीने आकडा तीन-तीनच्या गटांत तोडतो. १२,३४,५६७ वाचणाऱ्या सभासदापुढे १,२३४,५६७ येते आणि बारा लाखांची रक्कम वाचताना तो अडखळतो. भाषांतराची एखादी किल्ली राहून गेली तर रेल्सचा टी हेल्पर पान पाडत नाही. किल्लीच्या नावातून इंग्रजी शब्द बनवून तो एका स्पॅनमध्ये घालून छापतो, किंवा फॉलबॅक चालू असेल तर मूळ भाषेतले वाक्य छापतो. मराठी पानाच्या मधोमध ‘ड्यू डेट’ उगवते आणि बिल्ड हिरवीच राहते. यातली एकही गोष्ट मॉडेलच्या टेस्टमध्ये सापडणार नाही, कारण मॉडेलमध्ये नाव पूर्ण आहे, रक्कम बरोबर आहे आणि तारीखही आहे.

वापरकर्त्याने लिहिलेल्या मजकुराची गोष्ट याहून गंभीर. जँगोने २००८ साली १.० आवृत्तीत आणि रेल्सने २०१० साली ३.० मध्ये मजकूर आपोआप एस्केप करायला सुरुवात केली, तेव्हापासून हा प्रश्न मिटला असे बरेच जण धरून चालतात. तो मिटतो तो कोणीतरी रॉ, एचटीएमएल-सेफ किंवा सेफ हा फिल्टर लावेपर्यंत. ते शब्द कुठे लिहिले जातात? टेम्प्लेटमध्ये आणि टेम्प्लेटसाठी लिहिलेल्या हेल्परमध्ये. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेसवर एका तरुणाने स्वतःच्या प्रोफाइलमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट गाळणीतून निसटून दुसऱ्यांच्या पानांवर चालू लागली. वीस तासांच्या आत दहा लाखांहून अधिक लोकांच्या प्रोफाइलमध्ये ती पोहोचली. सभासदाच्या नावात कोनी कंस घालून पान रेंडर करायचे आणि ते कंस अक्षरे म्हणूनच बाहेर आले का हे पाहायचे, ही टेस्ट चार ओळींची आहे. ती लिहू नये असे सांगणारा नियम सुरक्षेच्या एका दाराला कडी लावायला मनाई करतो.

आता दुसरा आक्षेप, टेस्ट ठिसूळ असतात हा. यात तथ्य आहे आणि ते मी भोगले आहे. तिसऱ्या डब्यातल्या दुसऱ्या रकान्यातला पहिला स्पॅन शोधणाऱ्या टेस्ट मी लिहिल्या आहेत. बूटस्ट्रॅपची आवृत्ती बदलली त्या आठवड्यात त्या सगळ्या एकदम लाल झाल्या आणि एकीनेही काही कामाचे सांगितले नाही. पण हा दोष कशाचा? छापखान्यात मुद्रितशोधक बसतो. लेखकाने हस्तलिखित तपासलेले असते, संपादकाने वाचलेले असते, तरी छापून आलेले प्रूफ तो पुन्हा वाचतो, कारण जुळवणीत ओळ गळू शकते. तो समास फूटपट्टीने मोजत बसत नाही. टाइप बदलला म्हणून तो प्रूफ नाकारत नाही. तो शब्द वाचतो: नाव बरोबर आहे ना, आकडा आहे ना, परिच्छेद दोनदा तर आला नाही. व्ह्यूच्या टेस्टचे काम तेच आहे. फूटपट्टी घेऊन बसलेल्या मुद्रितशोधकाला कंटाळून छापखान्याने मुद्रितशोधनच बंद करावे, असे आमच्या नियमावलीचे म्हणणे आहे.

शब्द वाचायची साधने हाताशीच आहेत. रेल्समध्ये ॲसर्ट-सिलेक्टला कुठल्या खोलीत पाहायचे हे ढोबळ सांगून मजकूर विचारता येतो. जँगोमध्ये ॲसर्ट-कंटेन्सला एचटीएमएल म्हणून तुलना करायला सांगितले की मोकळ्या जागांचा आणि ॲट्रिब्यूटच्या क्रमाचा फरक तो सोडून देतो. मात्र नुसता ‘१२’ असा मजकूर शोधू नये. तारखेत, पिनकोडात, खाते क्रमांकात कुठेही १२ सापडेल आणि टेस्ट खोटी हिरवी होईल. थकबाकीच्या भागाला एक स्वतःची ओळख द्यावी, आयडी किंवा डेटा ॲट्रिब्यूट, आणि त्या भागातच आकडा पाहावा. त्याच्याभोवती डबे किती आहेत हा डिझायनरचा विषय.

स्नॅपशॉटच्या मात्र मी विरोधात आहे, हे स्पष्ट लिहितो. २०१६ मध्ये जेस्टने ती पद्धत लोकप्रिय केली: रेंडर झालेले सगळे साठवून ठेवायचे आणि पुढच्या वेळी त्याच्याशी ताडून पाहायचे. सोपे आहे, म्हणून टीम शेकडोंनी घेतात. मग एका क्लासचे नाव बदलते, ऐंशी स्नॅपशॉट लाल होतात, आणि माणूस फरक न वाचता सगळे अद्ययावत करण्याची आज्ञा देतो. त्या ऐंशीत एक आकडा गळालेला असला तर तोही मंजूर होतो. व्ह्यूच्या टेस्टची बदनामी ज्यांनी केली त्यांच्यात या टेस्ट पहिल्या.

बदनामीचे दुसरे कारण म्हणजे एका योग्य निर्णयाचा काढलेला चुकीचा अर्थ. पूर्वी रेल्समध्ये कंट्रोलरच्या टेस्टमधून असाइन्स आणि ॲसर्ट-टेम्प्लेट वापरता येत. कुठले व्हेरिएबल भरले आणि कुठली फाइल रेंडर झाली हे त्यांनी तपासता येई. २०१६ च्या रेल्स ५ मध्ये हे दोन्ही गाभ्यातून काढून वेगळ्या जेममध्ये ठेवले गेले. रेल्सचे निर्माते डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी तो बदल सुचवला होता, आणि मला तो पटतो. व्हेरिएबलचे नाव आणि फाइलचे नाव ही घरातली व्यवस्था आहे, बाहेरच्या माणसाला तिच्याशी कर्तव्य नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे: आतले पाहू नका, बाहेर काय आले ते पाहा. आमच्याकडे निष्कर्ष निघाला तो असा की रेल्सनेच व्ह्यूच्या टेस्ट काढून टाकल्या. उलट रेल्सने ॲक्शनव्ह्यूची टेस्टकेस ठेवली, आणि २०२३ च्या ७.१ आवृत्तीत रेंडर झालेला मजकूर एचटीएमएल किंवा जेसन म्हणून थेट हाताळता येईल अशी भर तिच्यात घातली. जी गोष्ट सोडून द्यायची असते तिच्यात कोणी अशी भर घालत नाही.

आरस्पेक वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासून पाहावी. आरस्पेकच्या कंट्रोलर स्पेकमध्ये मुळात व्ह्यू रेंडर होतच नाही. खऱ्या टेम्प्लेटच्या जागी रिकामे टेम्प्लेट ठेवले जाते. रेंडर-व्ह्यूज असे मुद्दाम लिहिले तरच खरे पान तयार होते. टेम्प्लेटमध्ये उघड सिंटॅक्सची चूक असली तरी तो स्पेक हिरवा राहतो. असे स्पेक शेकड्याने असलेल्या टीमला आपली सगळी पाने टेस्टखाली आहेत असे प्रामाणिकपणे वाटत असते. माझ्या पाहण्यात अशा दोन टीम आल्या.

ब्राउझरच्या टेस्ट हे काम करतील, हा तिसरा आधार. रेल्सने २०१७ साली ५.१ मध्ये सिस्टिम टेस्ट आणल्या तेव्हा मीही हाच विचार केला होता. पण ब्राउझर उघडायचा, लॉगिन करायचे, पानावर जायचे, जावास्क्रिप्ट थांबेपर्यंत वाट पाहायची, यात एका टेस्टला सेकंदांमागून सेकंद जातात. अशाने सोळा रूपे कोणी तपासत नाही. एकच तपासले जाते आणि तेही सुखाचे. त्यात कधी कधी काही न बदलताच टेस्ट लाल होते, पुन्हा चालवली की हिरवी होते, आणि टीमला लाल रंगाकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागते. ती सवय मला सगळ्यात महाग वाटते. ज्यांनी या टेस्टचा पुरस्कार केला त्या हॅन्सन यांनीच २०२४ मध्ये सिस्टिम टेस्टचा प्रयोग फसल्याचे लिहिले आणि त्या मोजक्याच ठेवाव्यात असे सांगितले. मग त्यांच्यावर टाकलेला भार आता उचलायचा कोणी? ब्राउझर न उघडता पूर्ण पान रेंडर करणारी इंटिग्रेशन टेस्ट आणि एकटे पार्शल रेंडर करणारी व्ह्यूची टेस्ट, या दोघींनीच. गिटहबमधून निघालेल्या व्ह्यूकंपोनंटच्या दस्तऐवजांत म्हटले आहे की गिटहबच्या कोडमध्ये कंपोनंटच्या युनिट टेस्ट तशाच कंट्रोलर टेस्टच्या शंभरपटीहून जास्त वेगाने चालतात. आमच्याकडे इतका फरक पडेल असे मी म्हणत नाही. पण सोळा रूपे जेवणाआधी तपासून होतील एवढा वेग मला पुरतो.

ईमेलचे काय, हा प्रश्न तर या वादात कोणी काढतच नाही. थकबाकीचे स्मरणपत्र कुठल्याही सिस्टिम टेस्टच्या ब्राउझरमध्ये उघडत नाही. डिझायनर ते एकदा पाहतो आणि विसरतो. त्याची दोन टेम्प्लेटे असतात, एक एचटीएमएलचे आणि एक साध्या मजकुराचे. वाक्य बदलायचे झाले की पहिले बदलले जाते, दुसरे राहून जाते. कोणाला त्याच पत्रात नवी तारीख मिळते, कोणाला जुनी. दोन्ही रेंडर करून दोघांत तीच रक्कम आणि तीच तारीख आहे का हे पाहणारी टेस्ट मी आता प्रत्येक मेलसाठी लिहितो, आणि तिने एकदा तरी काही पकडले नाही असा प्रकल्प मला अजून मिळालेला नाही. कर्जाचे विवरण पीडीएफमध्ये जाते त्यालाही हेच लागू.

आता माझ्या बाजूची कच्ची जागा. माझी ती शुक्रवारची चूक एकट्या पार्शलच्या टेस्टने पकडली असती का? नसती. त्या टेस्टमध्ये मीच जुन्या नावाने रक्कम भरली असती, टेम्प्लेटने ती छापली असती आणि टेस्ट हिरवी झाली असती. कंट्रोलर आणि व्ह्यू यांच्या मधल्या सांध्यावर ती पाहतच नाही. माझे ज्येष्ठ सहकारी हा मुद्दा काढतात तेव्हा ते बरोबर असतात, आणि खोट्या ऑब्जेक्टवर उभ्या राहिलेल्या व्ह्यूच्या टेस्ट खोटे सांगू शकतात हेही मला मान्य आहे. म्हणून सांध्यासाठी कंट्रोलरपासून पानापर्यंत जाणारी एक टेस्ट लागतेच, आणि तिने २०० वर न थांबता आकडा वाचावा लागतो. फांद्यांसाठी पार्शलची टेस्ट. आणि सांधा मुळातच गप्प राहू नये म्हणून इन्स्टन्स व्हेरिएबल सोडून पार्शलला लागणारी प्रत्येक गोष्ट लोकल म्हणून द्यावी. रेल्स ७.१ पासून पार्शलच्या पहिल्या ओळीतच त्याला कोणते लोकल लागतात ते जाहीर करता येते, आणि त्यातले एखादे दिले नाही तर एरर उठतो. पण जाहीर केलेल्या लोकलमध्येही निल जाऊ शकते. म्हणून रकमेसाठी आम्ही स्वतःचा छोटा हेल्पर लिहिला, जो निल मिळाल्यावर गप्प राहत नाही, थांबतो. टेस्टच्या वातावरणात भाषांतराची हरवलेली किल्लीही आता एरर देते, त्यासाठी कॉन्फिगमधली एक ओळ पुरली. यातल्या बऱ्याच गोष्टी टेस्ट लिहायला बसल्यावरच सुचल्या. पान एकटे रेंडर करायला गेलो तेव्हा त्याला किती ठिकाणांहून गुपचूप माल येतो ते पहिल्यांदा मोजले गेले.

वेळ कुठून आणायचा, असे मला विचारतात. सगळ्या पानांना टेस्ट लावा असे मी म्हणत नाही. ‘आमच्याविषयी’ या पानाला मीही लावणार नाही. जिथे पैसा, तारीख, पात्रता किंवा कोणाचे नाव छापले जाते आणि ते वाचून माणूस काहीतरी करतो किंवा करायचे थांबतो, त्या पानापासून सुरुवात करावी. आमच्या ॲप्लिकेशनमध्ये अशी पाने मी मोजली, ती एकवीस निघाली. सहा मेल धरून.

नियमावलीतली ती ओळ खोडावी असा प्रस्ताव मी टीमपुढे ठेवला आहे. तिच्या जागी नवी ओळ सुचवण्याऐवजी कर्जखात्याच्या पानाची टेस्ट जोडली आहे, कारण चर्चा तिच्यावर व्हावी असे मला वाटते. तीत तीन गोष्टी तपासल्या आहेत. सभासदाची थकबाकी ३,४०० रुपये असेल तर थकबाकीच्या जागी ‘₹३,४००’ दिसले पाहिजे. थकबाकी शून्य असेल तर ‘आपली कोणतीही थकबाकी नाही’ हे शब्द दिसले पाहिजेत. आणि रक्कम मिळालीच नसेल तर ते पान सभासदापुढे उघडता कामा नये.